कुत्र्यांचा पोटबिघाड (पाकीटबंद खाद्य व खाऊ)

पाळीव कुत्र्याला बाजारातले तयार खाद्य किंवा खाऊ दिल्यावर काही तासांत ते एक-दोन दिवसांत उलट्या, पातळ शी, पोटात गुडगुड, वारा सरणे, जेवणावरची वासना उडणे अशी लक्षणे दिसतात. त्यांना मिळून पोट बिघडणे म्हणतात. हा एखादा ठरावीक रोग नाही. त्यामागे साध्या अपचनापासून स्वादुपिंडाच्या दाहापर्यंत आणि आतड्यात अडकलेल्या तुकड्यापासून विषबाधेपर्यंत काहीही असू शकते. बहुतेक कुत्री दोन दिवसांत बरी होतात. प्रस्तुत नोंद इंदूरमधील मराठी घरे समोर ठेवून लिहिली आहे. पाकिटात काय आहे याइतकेच ते पाकीट कोण उघडतो, किती देतो आणि सोबत आणखी काय देतो यावरही कुत्र्याचे पोट ठरते.

इंदूरच्या मराठी माणसाला कुत्रा परका नाही. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत, बाजरीचे रोडगे आणि कांद्याची पात असा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्यापुढेही ठेवला जातो. ही प्रथा जिव्हाळ्याची आहे, ती जरूर राहावी. मात्र कुत्र्याच्या पानातून पात आणि कांदा-लसणाची फोडणी काढून ठेवावी. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत, आणि फिकट हिरड्या, लालसर लघवी, थकवा ही चिन्हे काही दिवसांनी दिसतात. शरीराच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून अधिक कांदा एका वेळी पोटात गेला की धोका धरतात. पाच किलोच्या कुत्र्याला हे प्रमाण 25 ग्रॅमचे, म्हणजे लहानशा कांद्याएवढेही नाही.

पूर्वी घरच्या कुत्र्याचे जेवण म्हणजे दूधपोळी. पोळी कुत्र्याला पचते, यात शंका नको. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहिल्याची ही खूण आहे. दुधाचे मात्र तसे नाही. पिल्लू मोठे होते तसे दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते आणि उरलेली साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब करते. आता दूधपोळीच्या जोडीला दाणेदार कोरडे खाद्य, ग्रेव्हीची पाकिटे, दातांच्या काड्या, जर्की (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या), चामड्याची ‘हाडे’ असा सगळा बाजार घरात आला आहे. जुने गेले नाही आणि नवे आले, हीच मुख्य अडचण आहे. सकाळी पोह्यांवरची शेव, दुपारी पाकिटातले खाद्य, चारला चहाबरोबर टोस्ट, संध्याकाळी फिरून आल्यावर दातांची काडी, रात्री आजोबांच्या ताटातली पोळी. पोट बिघडल्यावर डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘नेहमीचंच खाद्य देतो, दुसरं काही नाही.’ हे खोटे बोलणे नव्हे. घरातल्या कोणालाच खाऊ हा आहार वाटत नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही.

हिशेब केला की चित्र स्पष्ट होते. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ पामेरियनला दिवसाला सुमारे 375 किलोकॅलरी लागतात. खाऊने त्यातला दहावा हिस्सा ओलांडू नये असा पशुवैद्यकातला सर्वमान्य ठोकताळा आहे, म्हणजे 37 किलोकॅलरी. साधे ग्लुकोज बिस्किट एकच जवळपास 25 किलोकॅलरीचे असते. दुसरे बिस्किट दिले की दिवसाचा वाटा उलटला. तीस किलोच्या लॅब्राडोरला तोच वाटा 140 च्या आसपास जातो. मात्र पाहुणे दोघांनाही सारखेच देतात, आणि त्रास होतो तो लहान्याला. जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) घातलेले पोहे, शेव, फरसाण यांत मीठ, तेल, मसाला आणि बहुतेकदा कांदाही असतो. ते कुत्र्याला देऊच नये. इंदूरमध्ये पाहुण्याचे आतिथ्य खाण्यानेच होते आणि तो लोभ कुत्र्यापर्यंत पोहोचतो, हे खरे. म्हणूनच घरातल्या सगळ्यांनी ठरवून एकाच माणसाकडे खाऊचा डबा द्यावा.

पाकीटबंद खाद्याने पोट बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अचानक बदल. आतड्यातले जीवाणू आणि पाचक रस नेहमीच्या अन्नाशी जुळलेले असतात. जुनी थैली संपली, दुकानात दुसरा ब्रँड स्वस्त मिळाला, तोच संध्याकाळी भांड्यात पडला, की सकाळी शी पातळ. खाद्य वाईट असते असे नाही. बदल 7 ते 10 दिवसांत करावा: आधी चौथा हिस्सा नवा, मग अर्धा, मग पाऊण. पिल्लू घरी आणताना आधीच्या मालकाकडून आठवडाभराचे जुने खाद्य मागून आणणे याहून सोपा उपाय नाही.

दुसरे कारण चरबी. तेलकट जर्की, चीजचे तुकडे, मटणाची चरबी यांनी काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज येते. पाचक रस अन्नाऐवजी त्या ग्रंथीलाच जाळू लागतात. वारंवार उलटी, पोटाला हात लावू न देणे, पुढचे पाय जमिनीवर आणि मागचा भाग वर अशी अवस्था दिसली तर घरी थांबू नये. लठ्ठ कुत्री आणि मिनिएचर श्नॉझर जात यांना हा धोका अधिक.

मऊ, ओलसर खाऊ मऊ राहावा म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात. पाणी धरून ठेवणे हेच त्यांचे काम, आणि जास्त झाले तर ते आतड्यातही तेच करतात. तीन-चार तुकड्यांनी सहसा काही होत नाही. अख्खी पुडी एका बैठकीत संपली की होते. माणसांच्या साखरविरहित च्युइंगमधले झायलिटॉल मात्र वेगळेच प्रकरण आहे. त्याने कुत्र्याची रक्तातील साखर धडाधड उतरते, यकृत निकामी होऊ शकते. ते पोटात गेल्याची शंका आली तरी लगेच दवाखाना गाठावा.

गाठ मारलेले पांढरे ‘हाड’ म्हणून जे विकले जाते ते हाड नसून जनावराच्या कातड्याचा आतला थर असतो. अनेक शाकाहारी घरांना हे ठाऊक नसते आणि ठाऊक झाल्यावर वाईट वाटते, हे पाहण्यात आले आहे. चावून तो ओला होतो, फुगतो. मोठा तुकडा गिळला तर घशात किंवा आतड्यात अडकतो. सारखे ओकारे, काहीच न पचणे, शी बंद होणे ही अडथळ्याची लक्षणे, आणि त्यावर उपाय कधी कधी शस्त्रक्रियाच. हे कातडे एकट्या कुत्र्याजवळ ठेवून बाहेर जाऊ नये, आणि तोंडात मावेल इतके लहान झाले की काढून घ्यावे. कॅल्शियमच्या हाडांनी उलटे होते: शी खडूसारखी पांढरी, कोरडी, बद्ध.

खाद्य साठवण्याचा भाग इंदूरच्या पावसाळ्यात फार महत्त्वाचा ठरतो. दुकानांत मोठी थैली उघडून किलोवर सुटे खाद्य विकले जाते. ते स्वस्त पडते, पण त्यावर ना तारीख, ना बॅच नंबर, ना घटकांची यादी. उघड्या खाद्यातली चरबी हवेने खवट होते. ओल लागली की बुरशी धरते. मका, तांदळाचा कोंडा अशा घटकांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस ही बुरशी अफलाटॉक्सिन तयार करते. ते यकृताचे विष आहे आणि भाजल्या-शिजवल्याने जात नाही. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेत अशा विषामुळे कोरडे खाद्य बाजारातून मागे घ्यावे लागले आणि शंभराहून अधिक कुत्री मेल्याची नोंद झाली. घरी खाद्य मूळ थैलीतच, थैलीचे तोंड गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवावे. डब्यात नुसते ओतले तर तळाची जुनी चरबी नव्या खाद्याला लागते आणि बॅच नंबरही हातून जातो. महिनाभरात संपेल एवढीच थैली आणणे बरे. आणि खाऊला हात लावल्यावर हात धुवावेत, विशेषतः लहान मुलांचे: वाळवलेल्या प्राणिज खाऊतून साल्मोनेला या जीवाणूची लागण माणसांनाही होते, 2019 मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांच्या खाऊमुळे तसा उद्रेक झाला होता.

तयार खाद्याचा धंदा तसा जुना. जेम्स स्प्रॅट याने 1860 च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली, तेव्हापासून तो चालत आला आहे. त्यातले सर्वांत दुःखद पान 2007 चे. त्या मार्चमध्ये मेनू फूड्स या कॅनडाच्या कंपनीने सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) मेलॅमिन हे प्लास्टिक बनवण्याचे रसायन मिसळलेले होते. सोबतच्या सायन्यूरिक आम्लाशी त्याचे स्फटिक होऊन मूत्रपिंडे बंद पडत. भेसळ करणाऱ्याने मेलॅमिनच का निवडले, हे समजून घेण्यासारखे आहे. पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा थेट प्रथिने मोजून येत नाही. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. मेलॅमिनमध्ये नायट्रोजन भरपूर. म्हणजे मोठा आकडा हा चांगल्या खाद्याचा पुरावा नव्हे, आणि ते पचेलच असेही तो सांगत नाही.

खाऊची गोष्ट अधिक कोड्याची. 2007 पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे चिकन, बदक आणि रताळ्याच्या, बहुतांशी चीनहून आयात झालेल्या जर्कीबद्दल तक्रारी येत राहिल्या. 2015 अखेरपर्यंत त्यांत 6,200 हून अधिक कुत्री होती आणि 1,140 हून अधिक मृत्यू. सुमारे 60 टक्के तक्रारी पोट-आतडी व यकृताच्या, 30 टक्के मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या होत्या. एवढ्या चाचण्या होऊनही एक ठाम कारण सापडले नाही. म्हणून ‘शंभर टक्के चिकन’ असे लिहिलेले पाहून निर्धास्त होऊ नये. भारतात 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे, त्यामुळे माणसांच्या खाद्यावर जो पहारा असतो तो इथे गृहीत धरता येत नाही.

प्रत्येक पोटबिघाड खाद्यामुळे नसतो. 1978 च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू लस न झालेल्या पिल्लांत उलट्या आणि रक्ताची, उग्र वासाची शी घडवतो, आणि घरचे लोक ‘नवं बिस्किट बाधलं’ म्हणत दोन दिवस थांबतात. ते दोन दिवसच पिल्लाचा जीव घेतात. जंत, मूत्रपिंडाचा आजार, गोचिडताप यांतही जेवण सुटते. उलट, महिनोन्‌महिने अधूनमधून शी पातळ आणि सोबत कान-पंजे खाजवणे असेल तर अन्नाची अ‍ॅलर्जी शोधावी लागते. 2016 च्या एका आढाव्यात अशा कुत्र्यांपैकी 34 टक्क्यांना बीफ, 17 टक्क्यांना दुग्धजन्य पदार्थ, 15 टक्क्यांना चिकन आणि 13 टक्क्यांना गहू बाधत असल्याचे दिसले. रक्ततपासणीवर भिस्त न ठेवता किमान आठ आठवडे एकच ठरावीक आहार देऊन पाहणे ही खरी कसोटी. त्या काळात एक टोस्टसुद्धा चालत नाही, आणि बहुतेक घरांत कसोटी मोडते ती तिथेच.

प्रौढ कुत्रे तरतरीत असेल, पाणी पीत असेल आणि एक-दोनदाच शी पातळ झाली असेल तर घरी सांभाळता येते. सगळा खाऊ बंद, पाणी थोडे थोडे पण वारंवार, आणि मऊ भात साल काढलेल्या उकडलेल्या चिकनबरोबर. शाकाहारी घरात मऊ भात, मुगाच्या डाळीचे बिनफोडणीचे पाणी, उकडलेला लाल भोपळा. दिवसात चार-पाच लहान वाट्या द्याव्यात. मानेजवळची कातडी चिमटीत उचलून सोडली असता पटकन जागेवर येत नसेल, हिरड्या कोरड्या, चिकट झाल्या असतील तर अंगातले पाणी घटले आहे असे समजावे. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेनने जठराला जखमा होतात, पॅरासिटामॉल यकृताला घातक, आणि जुलाब थांबवणारे लोपेरामाइड कॉली जातीच्या कुत्र्यांच्या मेंदूवर परिणाम करू शकते. पिल्लू, रक्त, 24 तासांहून जास्त चाललेला त्रास, फुगलेले पोट आणि उलटी न येता नुसते ओकारे, यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नये. शेवटच्या लक्षणात तर तासभरही थांबू नये. गावात दवाखाने आहेत, आणि सुमारे 25 किलोमीटरवर महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

जाताना रिकामी का होईना पण पाकीट न्यावे, शीचा फोटो मोबाइलमध्ये असावा, आणि मागच्या तीन दिवसांत कोणी काय दिले ते घरातल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशी आणि शेजारची मुले धरून, विचारून कागदावर उतरवावे. उत्तर पुष्कळदा त्या कागदावर तिसऱ्या-चौथ्या ओळीत सापडते.