शाफ्टची जागा आणि बेअरिंगची जोडणी : पार्श्वभूमी

फिरत्या शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगकडून दोन अपेक्षा असतात: ते सहज आणि चूक न होता बसवता यावे, आणि बसल्यावर त्याने शाफ्टला नेमक्या जागी धरावे, म्हणजे तो बाजूला डुगडुगू नये आणि लांबीच्या दिशेनेही सरकू नये. या दोन अपेक्षा दीर्घकाळ एकमेकींच्या आड येत राहिल्या, कारण शाफ्ट जितका नेमका धरायचा तितके जोडणीचे काम कुशल हातांवर सोपवावे लागे. नेमकेपणाची ही जबाबदारी फिटरच्या हातातून हळूहळू बेअरिंगच्या रचनेत कशी आली, हे पाहिल्याशिवाय आजचे प्रकार असे का आहेत ते कळत नाही.

आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये अमेरिकेत मऊ पांढऱ्या मिश्रधातूचे पेटंट घेतले, तेव्हापासून साध्या, म्हणजे गोळ्या किंवा रोलर नसलेल्या, बेअरिंगचा एक ठरावीक रिवाज पडला. शाफ्ट जागेवर टेकवून त्याच्याभोवती वितळलेला धातू ओतायचा, मग शाफ्टला निळा रंग लावून तो फिरवायचा आणि जिथे रंग उमटेल तिथे स्क्रेपरने खरडायचे. उत्तम कारागिराच्या हातून हे काम आजही थक्क करण्याइतके अचूक होते. परंतु त्याला वेळ फार लागतो आणि एका यंत्राचे बेअरिंग दुसऱ्याला चालेलच असे नसते.

गोळ्यांच्या बेअरिंगची कल्पना त्याहून जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन यांचे गाडीच्या आसासाठीचे पेटंट १७९४ चे, तर पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांचे सायकलसाठीचे १८६९ चे. श्वाइनफुर्ट येथील फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारे यंत्र तयार केले आणि गोळ्यांचा प्रश्न सुटला, पण त्या रिंगमध्ये भरायच्या कशा हा प्रश्न उरला. खोल खोबणीच्या दोन रिंग एकात एक ठेवल्या की मधल्या फटीतून गोळी आत जात नाही. म्हणून रिंगच्या कडेला एक खाच कापून तिच्यातून गोळ्या भरत. खाचेमुळे खोबणीचा काठ तुटत असे, आणि शाफ्टचा रेटा लांबीच्या दिशेने आला की गोळ्या नेमक्या त्या तुटक काठावरून जात. असे बेअरिंग शाफ्टला त्या दिशेने भरवशाने धरू शकत नव्हते.

यावरचा रॉबर्ट कॉनराड या जर्मन अभियंत्याचा तोडगा यंत्ररचनेतील अत्यंत सुंदर उत्तरांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. त्यांच्या १९०३ च्या ब्रिटिश पेटंटनुसार आतली रिंग मध्यावर न ठेवता बाहेरच्या रिंगच्या एका बाजूला टेकवायची. त्यामुळे समोर चंद्रकोरीच्या आकाराची जागा मोकळी होते. तिच्यात गोळ्या टाकायच्या, आतली रिंग मध्यावर आणायची, गोळ्या समान अंतरावर पसरायच्या आणि केजचे, म्हणजे गोळ्यांमधले अंतर राखणाऱ्या पिंजऱ्याचे, दोन भाग दोन्हीकडून लावून जोडायचे. या पद्धतीने सुमारे निम्मा परीघ व्यापतील एवढ्याच गोळ्या बसतात, म्हणून शुद्ध आडवा (शाफ्टच्या लांबीशी काटकोनातला) भार पेलण्यात खाचेचे बेअरिंग सरस ठरू शकते. मात्र खोबण अखंड राहिल्यामुळे तेच एक बेअरिंग आडवा भार आणि दोन्ही दिशांचा रेटा घेते व शाफ्टची लांबीतील जागाही ठरवते. जोडणीची अडचण सोडवताना अचूक जागेचा प्रश्नही सुटला, आणि म्हणूनच पंख्यापासून मोटारीपर्यंत सर्वत्र हा प्रकार रुजला.

हेन्री टिमकन यांनी निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट १८९८ मध्ये मिळवले होते. त्याची आतली रिंग रोलरसह वेगळी आणि बाहेरची रिंग वेगळी बसते, म्हणून जोडणी सोपी. पण आतील मोकळीक, म्हणजे रोलर आणि रिंग यांच्यातली बारीक फट, किती ठेवायची हे नट आवळणाऱ्यावर अवलंबून. जास्त आवळले तर बेअरिंग तापते, सैल राहिले तर चाक हलते. नट आवळून किंचित मागे फिरवण्याची गॅरेजमधील सवय याच रचनेतून आली.

स्वीडनमध्ये अडचण निराळी होती. गोथेनबर्गच्या कापडगिरणीची जमीन चिकणमातीची असल्याने इमारत खचे आणि लांबलचक शाफ्ट एका रेषेत राहत नसत. तिथले अभियंते स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये बाहेरच्या रिंगचा आतला पृष्ठभाग गोलाकार करून गोळ्यांच्या दोन ओळींचे असे बेअरिंग काढले की शाफ्ट थोडा तिरका झाला तरी ते स्वतःच जुळवून घेते. याच शोधावर एसकेएफ ही कंपनी उभी राहिली, जिचा कारखाना १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला सुरू झाला. अशा बेअरिंगना निमुळत्या भोकाची आणि अ‍ॅडॅप्टर स्लीव्हची (शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये बसणाऱ्या निमुळत्या नळीची) जोड मिळाल्यावर शाफ्टवर अचूक बैठक तासण्याची गरज उरली नाही. सहसा दर १२ मिलिमीटर लांबीला व्यासात १ मिलिमीटर असा उतार असतो, त्यामुळे बेअरिंग किती पुढे सरकले यावरून आतील मोकळीक किती घटली हे समजते.

पुढचे पाऊल म्हणजे कारखान्यातच जुळवलेली एकके. रेल्वेसाठी टिमकन कंपनीने १९५४ मध्ये ग्रीससह पूर्ण बांधलेले कार्ट्रिज बेअरिंग आणले. भारतीय रेल्वेच्या मालवाघिणींवर याच धर्तीची कार्ट्रिज बेअरिंग दाबून बसवली जातात. मशीन टूलच्या स्पिंडलसाठी (मुख्य फिरत्या शाफ्टसाठी) जोडीने घासलेली कोनीय संपर्काची, म्हणजे गोळ्या रिंगला तिरक्या टेकणारी, बेअरिंग मिळतात, ज्यांच्या रिंगच्या कडा एकमेकींना टेकेपर्यंत आवळल्या की ठरवलेला प्रीलोड, म्हणजे मोकळीक नाहीशी करणारा आतला दाब, मिळतो. मोटारींच्या हब युनिटमध्ये तर चाकाचा फ्लॅंजही (चाक जिला जोडतात ती चकती) बेअरिंगचाच भाग झाला. याची किंमतही आहे: जुन्या हबमध्ये एक रिंग किंवा एक सील बदलून भागत असे, आता बहुधा पूर्ण एककच बदलावे लागते.