एसयूव्ही : इंजिननिवड, प्रवेग व कमाल वेग

एकाच एसयूव्हीला निरनिराळी इंजिने बसवली, की तिचा प्रवेग (बोलीत ‘पिकअप’) आणि कमाल वेग दोन्ही बदलतात. मात्र सारख्या प्रमाणात नाही. शक्ती वाढली की पिकअप चटकन जाणवण्याइतका सुधारतो, कमाल वेग त्या मानाने थोडाच वाढतो. गाडी पसंत करताना हा भेद बहुधा निसटतो.

इंजिनाची शक्ती आजही अश्वशक्तीत सांगतात. हे एकक जेम्स वॉट यांनी सुमारे 1782–83 मध्ये ठरवले असे मानतात. त्याच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. खाणीतून कोळसा ओढणाऱ्या तट्टांचे काम मोजून त्यात अंदाजाने निम्मी भर घातली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार आधार गिरणीच्या घोड्याचा होता : 12 फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला 144 फेऱ्या आणि 180 पौंडांची ओढ. याचा गुणाकार मिनिटाला सुमारे 32,572 फूट-पौंड येतो आणि रूढ आकडा 33,000 आहे. हिशेब इतका जवळ बसत असल्याने हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ही ब्रिटिश अश्वशक्ती 745.7 वॅटची, युरोपातील मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे ‘पीएस’, 735.5 वॅटची. त्यामुळे एकाच इंजिनाचा आकडा एका ठिकाणी 200, तर दुसऱ्या ठिकाणी 203 छापलेला दिसतो. यात फसवणूक नसते, पण दोन गाड्यांची तुलना करताना एकक पाहिलेच पाहिजे.

चाकणला तयार होणारी महिंद्रा स्कॉर्पिओ-एन (2022) हे या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत 2.0 लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा असलेले) पेट्रोल इंजिन 203 पीएस देते, 2.2 लिटर डिझेल 175 पीएस. टॉर्क (पीळ) मात्र दोघांचा 370 न्यूटन-मीटरच. मग शक्तीत फरक का? शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. डिझेलची कमाल शक्ती मिनिटाला 3,500 फेऱ्यांवरच गाठली जाते, पेट्रोल इंजिन 5,000 पर्यंत जाते. तिथे त्याचा टॉर्क 285 च्या आसपास उतरलेला असतो, तरी वाढलेले फेरे ती तूट भरून काढतात.

चालवताना हे हाताला कळते. कसारा घाटात ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरवर अडकलेली डिझेल गाडी 1,500 फेऱ्यांच्या वर असेल, तर पायाखालचे पेडल दाबताच निघते. त्याखाली फेरे पडले, की टर्बो भरेपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही आणि गिअर उतरवावा लागतो. ओव्हरटेक करताना हा क्षण फार महत्त्वाचा असतो; कागदावरचा पीएसचा आकडा तो सांगत नाही.

प्रवेगाचा ढोबळ हिशेब सोपा आहे. 2 टनांची गाडी ताशी 100 किमी वेगाला आणायला सुमारे 772 किलोजूल ऊर्जा लागते. चाकांना सरासरी 100 किलोवॅट मिळाले, तर हवेचा रोध न धरताही 7.7 सेकंद लागणारच. गिअर बदलणे, टायरचे घसरणे, वेगाबरोबर वाढणारा हवेचा रोध यांमुळे प्रत्यक्ष वेळ वाढते. सात माणसे बसली की ती आणखी वाढते.

कमाल वेगाचे गणित वेगळे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने आणि त्यावर मात करण्याची शक्ती घनाने वाढते. ताशी 120 वरून 160 वर जायचे, तर हवेसाठी सुमारे 2.4 पट शक्ती हवी. एसयूव्ही उंच व रुंद, त्यामुळे तिला हा भार सेडानपेक्षा जास्त. स्कॉर्पिओ-एनचे 132 पीएसचे डिझेल सोडून 175 पीएसचे घेतले, तर शक्ती जवळपास 33 टक्के वाढते, पण कमाल वेगात सुमारे 10 टक्केच वाढ अपेक्षित धरावी. तीही गिअर व टायर आड आले नाहीत तर. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत ताशी 80 किमीनंतर इशारा वाजतो आणि 120 च्या पुढे तो सतत वाजत राहतो. समृद्धी महामार्गाची मर्यादाही 120 च आहे. तेव्हा कमाल वेगापेक्षा 60 ते 100 मधला पिकअप पाहून इंजिन निवडणे शहाणपणाचे.

इंजिनाचा आकार म्हणजे शक्ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये दिल्ली परिसरात 2,000 सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी रोखली, तेव्हा महिंद्राने स्कॉर्पिओ व एक्सयूव्ही 500 साठी 2.2 ऐवजी 1.99 लिटरचे इंजिन आणले आणि अनुक्रमे 120 व 140 अश्वशक्ती कायम ठेवली. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का शुल्काच्या अटीवर बंदी उठली.

विजेच्या एसयूव्हीत मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. महिंद्रा बीई 6 साठी कंपनी 0 ते 100 किमीला 6.7 सेकंद सांगते. अशा गाड्यांत बहुधा एकच गिअर असतो; त्यामुळे कमाल वेग मोटरच्या फेऱ्यांनी आणि संगणकीय मर्यादेने ठरतो.