गेस्ट रँच की वर्किंग रँच? घोडं इथंच पेंड खातं

अमेरिकेत डेन्व्हरला, म्हणजे रँचच्या (गुरं-घोडे पाळायच्या मोठाल्या शेतांच्या) मुलखात राहत असल्यामुळे दर उन्हाळ्यात आमच्या नातेवाइकांचा एकतरी फोन येतो: "मुलांना घेऊन रँचवर आठवडाभर घोडेस्वारी करायचीय, कुठलं बुक करू?" मी आधी उलट विचारते, गेस्ट रँच की वर्किंग रँच? पलीकडून हमखास उत्तर येतं, "म्हणजे? एकच ना?"

एकच नाही. पण गल्लत होण्यात त्यांची चूक नाही. दोन्हीकडे घोडे, दोन्हीकडे गुरं, दोन्हीकडे रुंद काठाच्या टोप्या. फोटोंची अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. फरक आहे तो दिवस कुणाच्या सोयीनं आखलाय यात. गेस्ट रँचवर वेळापत्रक पाहुण्यांचं, वर्किंग रँचवर गुरांचं.

गेस्ट रँचचं जुनं नाव ड्यूड रँच. ड्यूड म्हणजे पूर्वेकडच्या शहरातून आलेला, नवेकोरे बूट घातलेला हौशी बाबू. पिट्सबर्गच्या ईटन बंधूंनी १८८० च्या सुमारास डाकोटात मेडोराजवळ रँच काढली. ओळखीपाळखीचे लोक यायचे आणि हलायचं नावच घ्यायचे नाहीत. शेवटी पाहुण्यांनीच राहण्याजेवण्याचे पैसे देऊ केले आणि धंदा उभा राहिला. १९०४ मध्ये ईटन मंडळी वायोमिंगमधल्या वुल्फ या ठिकाणी गेली. १९२६ मध्ये ड्यूड रँचवाल्यांची संघटना झाली, तिला नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा भक्कम पाठिंबा होता. साहजिकच आहे, पाहुणे येणार ते आगगाडीनंच.

आजही मुक्काम बहुधा रविवार ते शनिवार असतो आणि राहणं, जेवण, घोडेस्वारी सगळं एकाच पैशात. पहिल्या दिवशी वय, उंची, वजन आणि अनुभव विचारून प्रत्येकाला आठवड्याभरासाठी एक घोडा नेमून देतात. आपल्याकडच्या भाषेत तुम्ही बारगीर: घोडा सरकारचा, बसायचं तुम्ही. इथं "येतं थोडंफार" असं ठोकून देऊ नका. माथेरानला घोडेवाला लगाम धरून बरोबर चालतो. इथं लगाम तुमच्याच हातात, तोही एका हातात, आणि तो मानेला टेकवला की घोडा वळतो. खोगिराच्या पुढचं शिंग मुळात दोर अडकवायला असतं, पण पहिल्या दिवशी सगळे त्यालाच लोंबकळतात. मीही.

घोडे सांभाळणारे आणि पाहुण्यांना फिरवणारे ते रँगलर. आमच्याबरोबरच्या रँगलर तरुणीनं तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, घोडा चार पावलं चालवला आणि पुन्हा आवळला. का, असं विचारलं तर म्हणाली, "हा पठ्ठ्या तंग बांधताना पोट फुगवतो, चालायला लागला की हवा सोडतो." पहिल्या आवळण्यावर विसंबून रिकिबीत पाय घातला असता तर खोगीर माझ्यासकट कुशीवर आलं असतं. डोंगरातल्या वाटेवर साधारण सहा-सात वर्षांपुढची मुलं नेतात. त्याहून लहानांना कुंपणाच्या आत, कुणीतरी दोरी धरून फिरवतं. मोठ्यांनाही बऱ्याच ठिकाणी वजनाची मर्यादा असते, ती आधीच विचारलेली बरी.

वर्किंग रँचवर हे लाड नाहीत. वसंतात वासरांना मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे, जूनच्या आसपास कळप डोंगरावरच्या कुरणात चढवायचा, मग गवत कापायचं, थंडी पडायच्या आत सगळी गुरं खाली आणायची. गुरं ऊन चढायच्या आत हलवायची म्हणून पहाटेच खोगीर चढतं, आणि सहा-आठ तास मांडीखाली घोडा. त्यात चौखूर दौड फारशी नाही. कळपाच्या मागे धूळ खात पावलापावलानं जायचं, एखादं वासरू आईला शोधत मागं फिरलं की सगळ्यांनी ताटकळायचं. म्हणून लहान मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. माझा एकोणीस वर्षांचा भाचा तिथून काळाठिक्कर होऊन आला आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला. माझ्या बहिणीनं तिथं दुसऱ्या दिवशी खुर्चीवर उशी मागितली असती.

दोन्हीकडे टाचेचे बूट हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. गुरांच्या मुलखात ताटात काय पडणार हे उघड आहे.

घोळ वाढतो तो मधल्या रँचमुळे: धंदा गुरांचा, पण चार खोल्या पाहुण्यांना. अशा वेळी मी फोनवर एकच प्रश्न विचारते: "ऐन सकाळी गुरांनी कुंपण मोडलं तर आमच्या फेरीचं काय?" एका ठिकाणी उत्तर आलं, "काळजी नको, दुसरा रँगलर तुम्हाला नेईल." दुसऱ्या ठिकाणचे आजोबा नुसते हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीही या की गुरं वळायला."