मेंदूतलं ओलीत

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या आबाजींनी रात्रीच्या लाइनीवर मोटर सुरू केली, संत्र्याच्या एका ओळीकडे दांड फोडला आणि घरी येऊन झोपले. सकाळी पोरगा वावरात गेला तर सात झाडं घोटाभर पाण्यात उभी. पन्नास वर्षं ओलीत केलेला माणूस! पुढे नातवाचं नाव विसरलं, मग स्वतःच्याच धुऱ्यावर वाट चुकायला लागली.

"भाऊ, बाबाच्या डोक्यातल्या नसा सुकल्या म्हनतात लोकं. तू त बीएस्सी झाला, सांग बरं," पोरगा म्हणाला. तोवर कोणीतरी 'करनी' सुचवली होती आणि एक मांत्रिक पैसे घेऊन, लिंबू कापून गेला होता. तेवढ्या दिवसांत बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी झाली असती. त्यांच्या गडबडीनंही माणूस विसराळू होतो आणि औषधानं सुधारू शकतो. ती नंतर केली, ठीक निघाली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला.

पण 'नसा सुकल्या' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कारण मेंदूतल्या पेशी मरण्याची जी एक रीत मला ठाऊक आहे, ती सुकण्यापेक्षा आबाजींच्या त्या सात झाडांसारखी आहे.

शाळेत आपण चेतापेशीची आकृती काढतो आणि मेंदू म्हणजे चेतापेशी असं धरून चालतो. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६०० कोटी. पण चेतापेशींना सांभाळणाऱ्या ग्लिया नावाच्या पेशी आणि इतर पेशी मिळून जवळजवळ तेवढ्याच आणखी असतात. ग्लिया चेतापेशींच्या दहापट असतात, असं पुस्तकं वर्षानुवर्षं छापत आली. २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं अक्षरशः सार करून त्यातली पेशीकेंद्रं मोजली, तेव्हा तो आकडा कोसळला. (आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो, हे मोबाइलवर फिरणारं वाक्यही त्याच लायकीचं.) १८५६ मध्ये रुडॉल्फ विर्चो या जर्मन डॉक्टरनं ग्लियांना नाव दिलं ते ग्रीक भाषेतल्या डिंकावरून. चेतापेशींना चिकटवून ठेवणारा लगदा, एवढीच त्याची समजूत. डिंक म्हटलं की खोडाचा डिंक्या रोग आठवून आम्हा संत्रेवाल्यांच्या पोटात गोळा येतो, पण हा डिंक झाड वाचवणारा निघाला.

आता माझ्या आवडीचा भाग. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. पहिली पेशी त्या फटीत ग्लुटामेट नावाचा रेणू सोडते. दुसऱ्या पेशीवरची दारं उघडतात, सोडियम आणि थोडं कॅल्शियम आत शिरतं, निरोप पोचतो. यानंतर फट लगेच रिकामी झाली पाहिजे.

नाही झाली तर काय होतं, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आठवा: तोंडाला लाळ, घामानं भिजलेलं अंग, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, झटके. ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं फटीतल्या अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्याला तोडणारं विकर बंद पाडतात. निरोप संपतच नाही. आणि ग्लुटामेटसाठी तर फटीत असं तोडणारं विकरच नाही. त्याला उचलूनच न्यावं लागतं. ते काम मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट करते, म्हणजे ताऱ्यासारख्या फांद्या फुटलेली ग्लिया. माणसाची एक अ‍ॅस्ट्रोसाइट अशा २० लाखांपर्यंत फटींशी लगट करून असू शकते, असा अंदाज आहे.

उचलायचं कसं? अ‍ॅस्ट्रोसाइटच्या आत ग्लुटामेट बाहेरपेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. म्हणजे पाणी चढावर न्यायचं. सोडियमचं उलट, ते बाहेर दाट आणि आत यायला उतावीळ. अ‍ॅस्ट्रोसाइटच्या अंगावरचं वाहक प्रथिन तीन सोडियम आणि एक हायड्रोजन आयन यांच्यासोबत एक ग्लुटामेट आत ओढतं आणि एक पोटॅशियम बाहेर टाकतं. इथे वाचक जांभई देतो, मला ठाऊक आहे, पण गंमत पुढेच आहे. हे वाहक भलतं सुस्त, सेकंदाला फार तर काही डझन रेणू नेणारं. फट तर काही मिलिसेकंदांत मोकळी हवी. म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइट वाहकांची गर्दीच उभी करते. ग्लुटामेट आलं की ती आधी नुसतं धरून ठेवतात, आत सवडीनं नेतात. आत त्याचं ग्लुटामाइन होतं. ते निरुपद्रवी. चेतापेशीला परत मिळतं आणि तिथे पुन्हा ग्लुटामेट बनतं.

आत आलेलं सोडियम बाहेर फेकायला दुसरा पंप लागतो आणि तो ऊर्जा खातो. पक्षाघातात रक्त अडलं की ऊर्जा संपते, सोडियमचा उतार सपाट होतो आणि ही वाहकं उलटी चालू लागतात. लाइन गेल्यावर खराब फुटव्हॉल्व्हमधून पाइपातलं पाणी परत विहिरीत पडतं, तसं ग्लुटामेट परत फटीत. दुसऱ्या पेशीची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत तुंबतं, प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात आणि पेशी आतून कुरतडली जाते.

(चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ. पण खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतडंच वापरून टाकतं, मेंदूत सहजी शिरत नाही. घाबरू नका.)

सावकाश होणाऱ्या आजारांत हे सगळं हळूहळू घडतं. एएलएस या हातपाय लुळे करणाऱ्या आजाराने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत हे वाहक प्रथिन घटलेलं आढळलं, ते १९९५ मध्ये. अल्झायमरमध्येही अ‍ॅस्ट्रोसाइटचं हे काम ढिलं पडतं. त्यात दिलं जाणारं मेमँटिन दुसऱ्या पेशीचं दार थोडं लोटून घेतं. आजार मात्र त्यानं थांबत नाही.

ग्लियांचाच दुसरा प्रकार, सफाईवाल्या मायक्रोग्लियांबद्दल थोडक्यात. १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी त्या ओळखल्या. कचरा, मेलेले तुकडे, अल्झायमरमधले प्रथिनांचे गोळे, सगळं त्या उपसतात. त्यांच्या टीआरईएम-२ या जनुकातल्या एका दुर्मीळ बदलानं अल्झायमरचा धोका दुप्पट ते चौपट होतो, हे २०१३ मध्ये कळलं. पण चिडलेल्या मायक्रोग्लिया अ‍ॅस्ट्रोसाइटलाही बिघडवतात आणि मग राखणदारच वावर खातो. म्हणून 'ग्लिया जागवणारं टॉनिक' म्हणून कोणी बाटली विकत असेल तर विचारा, कोणती ग्लिया आणि कितपत जागवणार?

हे सगळं ऐकून पोरगा म्हणाला, "मंग हे दांड बुजवनारे वाढवाचं औषध नाही काय?" प्रयत्न झाला होता. १०४० जुन्या औषधांच्या चाळणीतून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सापडलं. त्यानं अ‍ॅस्ट्रोसाइटची वाहकं वाढत होती आणि एएलएसचे उंदीर जास्त जगत होते. ही गोष्ट २००५ ची. माणसांवरची मोठी चाचणी मात्र फसली, २०१४ मध्ये तसं जाहीर झालं. "ते इंजेक्शन त तालुक्यात भेटते," तो म्हणाला. भेटतं, पण या कामाचं नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.

सात झाडांपैकी दोघांच्या खोडाला डिंक्या लागला. बाकीच्या पाचांना त्यानं दुहेरी आळं केलं, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. खोडाला लावायचं बोर्डोमलम कालवायला बसला, पण प्रमाण आठवेना. आबाजी धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पानी." अगदी बरोबर होतं.