जटांची निगा

केस एकमेकांत गुंतून, दाबले जाऊन दोरखंडासारखे घट्ट झाले की त्याला जट म्हणतात. कोल्हापुरात जट दोन वाटांनी डोक्यावर येते. काही घरांत ती आपोआप ‘येते’. मग तिला सौंदत्तीच्या यल्लम्माचं बोलावणं मानतात, हळदकुंकू वाहतात आणि कात्री लावत नाहीत. दुसरीकडे कॉलेजातली पोरं पार्लरमध्ये बसून ती करून घेतात आणि तिला ड्रेडलॉक्स म्हणतात. ही तऱ्हा जगाला ओळखीची झाली ती १९३० च्या दशकात जमैकात उभ्या राहिलेल्या रास्ताफारी पंथामुळे. नवसाची असो की हौसेची, जट शेवटी केसांचीच असते आणि तिला न्हाणं लागतंच.

माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरणाऱ्याचे ते फणीत येतात. न विंचरलेल्या डोक्यात ते आतच अडकतात आणि तेल, घाम, धूळ, भंडारा यांनी चिकटून पीळ घट्ट होतो. वैद्यकात अशा गुंत्याला प्लायका न्यूरोपॅथिका असं नाव आहे. जटेला पाणी लावू नये, लावलं तर देवी कोपते, असं काही घरांत बाईला बजावलेलं असतं. त्याचा त्रास तिच्या टाळूला होतो: खाज, उवा, खाजवून झालेल्या जखमा आणि ओझ्याने धरलेली मान.

घरी न्हाताना लक्ष जटेच्या टोकापेक्षा टाळूकडे द्यावं. आठवड्यातून एकदा न्हाणं बहुतेकांना पुरतं. घाम फार येत असेल तर दोनदा. शाम्पू पातळ, बिनतेलकट आणि पटकन निघून जाणारा घ्यावा. तो मगभर पाण्यात कालवून जटांच्या मधल्या भांगांत ओतावा आणि बोटांच्या पेरांनी चोळावा, नखांनी नाही. जट मात्र चोळायची नाही. ती मुठीत धरून ओल्या टॉवेलासारखी वरून खाली दाबत आणायची. भंडारा बसलेल्या जुन्या जटेतून आधी पिवळं, मग मातकट पाणी येतं. ते नितळ येईपर्यंत दाबत राहावं. आत राहिलेला फेस वाळून पांढरट थर होतो. शिकेकाईची पूड थेट लावू नये, तिचा चोथा आत बसला की निघत नाही. शिकेकाई किंवा रिठा उकळून, फडक्यातून गाळून पाणी तेवढं वापरावं. कंडिशनर टाळावा, त्याने पीळ सुटतो. खाण्याच्या सोड्यात जटा भिजवण्याची पद्धत इंटरनेटवर फार सांगितली जाते, पण टाळू किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. सारखा वापरला तर केस कोरडे पडून तुटतात.

खरी कसोटी वाळवण्याची. भिजलेली जट जड होते, बाहेरून कोरडी लागली तरी गाभ्यात ओल धरते. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा दोरीवरचे कपडेही दोन-दोन दिवस दमट राहतात, तेव्हा अशा जटेला कुबट वास येतो. आत बुरशी धरली तर तो धुऊनही जात नाही. म्हणून पावसाळ्यात सकाळीच न्हावं, जुन्या सुती पंच्यात जटा पिळून घ्याव्यात आणि पंख्याखाली मोकळ्या सोडाव्यात. ओल्या जटांचा अंबाडा बांधून झोपू नये. हेअर ड्रायर वापरायचा तर गार हवेवर.

तेल थोडंच लावावं, तेही टाळूला. खोबरेल चोपडलं की धूळ बसते. मुळाशी नवे केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. ते बोटांनी वळून किंवा क्रोशाच्या सुईने जटेत ओढून घेतात, पण फार ताणून नाही. सततच्या ताणाने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात. उवा, पू किंवा चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं. रॉकेल किंवा कीटकनाशक डोक्याला लावणं जिवावर बेतू शकतं.

जुनी, दगडासारखी झालेली जट धुऊन सुटत नाही, कापावी लागते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे काम करत आले आहेत. कात्रीपेक्षा जास्त वेळ बोलण्यात जातो, आणि तो जायलाच हवा: बाईच्या मनातली भीती आधी उतरावी लागते आणि घरच्यांनाही पटवावं लागतं. तिच्या होकाराशिवाय कापलेली जट म्हणजे तिच्यावर आणखी एक सक्ती. कापल्यानंतर टाळू हुळहुळी असते. पहिले काही दिवस कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरे, आणि उरलेल्या केसांना रुंद दातांचा कंगवा.