भोपाळचा विषारी कचरा आणि जबाबदारीविषयीचे लोकमत

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून वायुगळती झाली. तिथे उरलेल्या घातक कचऱ्याची विल्हेवाट कोणी आणि कुठे लावायची, याविषयी चार दशके लोकांनी घेतलेल्या भूमिकांची ही नोंद आहे.

कचऱ्यात सेव्हिन हे कीटकनाशक व ते बनवण्यासाठी लागणारे नॅप्थॉल हे रसायन यांचे अवशेष, अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि दूषित माती होती. कारखान्याबाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत सांडपाणी सोडण्याचा प्रकार तर दुर्घटनेच्या आधीपासूनचा. आसपासच्या वस्त्यांचे भूजल त्यामुळे नासले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिथे शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला.

पीडितांच्या संघटनांचे म्हणणे पहिल्यापासून एकच होते: ज्याने घाण केली त्यानेच ती काढावी. २००१ मध्ये युनियन कार्बाइड विकत घेणाऱ्या डाउ केमिकलने, कारखाना आपण कधी चालवलाच नाही, असे सांगून हात वर केले. जमीन १९९८ मध्येच राज्य सरकारकडे परत गेली होती. सफाईसाठी भारतीय उद्योगांनी निधी उभारावा, असा प्रस्ताव रतन टाटा यांनी २००६ मध्ये मांडला, तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध पीडितांनीच केला. स्वच्छता त्यांनाही हवी होती, पण दुसऱ्याने पैसे भरले की दोषी कायमचा सुटतो, ही त्यांची भीती होती आणि ती रास्त होती. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचा पारामिश्रित कचरा २००३ मध्ये अमेरिकेला परत गेला होता. मग भोपाळचा का नाही, असा त्यांचा सवाल होता.

‘कुठे’ या प्रश्नावर मात्र प्रत्येक गावाने नकारच दिला. गुजरातने अंकलेश्वरच्या भट्टीत कचरा घेण्याचे नाकारले. नागपूरजवळच्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत तो जाळण्याचे ठरताच विदर्भातून विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले आणि बेत बारगळला. जर्मनीला विमानाने पाठवण्याची योजना २०१२ मध्ये तिथल्या लोकांच्या चिंतेमुळे मोडली. या नकारांना आपमतलबीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. ज्या यंत्रणेने भोपाळ घडू दिले, तिच्याच आश्वासनावर पुढच्या गावाने विश्वास का ठेवावा?

अखेर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा बंद कंटेनरांतून मध्य प्रदेशातीलच धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला जाळण्यासाठी निघाला. तो भरणाऱ्या कामगारांना एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू दिले जात नव्हते. दोन दिवसांत पीथमपूर रस्त्यावर उतरले, दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर सगळा कचरा जाळून संपला. खर्चासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले होते, म्हणजे बोजा करदात्यांवर पडला. चुन्यासह जाळल्यामुळे उरलेली राख कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. ती तिथेच पुरण्यालाही स्थानिकांचा विरोध आहे.

जळाला तो फक्त गोळा करून ठेवलेला कचरा. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१० मध्ये भोपाळच्या आवारातील दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. त्या मातीचा खर्च डाउनेच भरावा, ही पीडितांची मागणी कायम आहे.