हिस्टामाइनरोधकांचे मेंदूतील बंधन आणि तापमान

हिस्टामाइन या शरीरातील रसायनाचे काम रोखणारे (हिस्टामाइनरोधक) औषध मेंदूतील एच-१ रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर हिस्टामाइन ज्याला चिकटते त्या प्रथिनाला, किती घट्ट आणि किती वेळ चिकटून राहते, हे तापमानाप्रमाणे बदलते. मेंदूच्या तळाकडील हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी हिस्टामाइन सोडून मेंदूला जागे ठेवतात. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून नेमके हेच रिसेप्टर अडवतात. विदर्भात गाजरगवत उपटताना शिंकांनी बेजार झालेला शेतकरी ‘सर्दीची गोळी’ घेऊन दुपारभर पेंगतो, तो यामुळेच.

हे बंधन बहुधा गिनीपिगच्या मेंदूच्या लगद्यावर मोजतात. ट्रिशियमने (हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकाराने) किरणोत्सारी केलेले मेपिरामाइन हे हिस्टामाइनरोधक त्यात मिसळायचे, मिश्रण ठरावीक तापमानाला ठेवायचे, मग काचतंतूंच्या गाळणीवर ओतून बर्फगार द्रावणाने झटपट धुवायचे. गाळणीवर उरलेल्या किरणोत्सारावरून किती औषध चिकटले ते कळते. ही पद्धत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. गारठ्यात औषध रिसेप्टरवरून फार सावकाश सुटते, म्हणून धुताना ते निसटत नाही. मात्र थंडीत ते चिकटतेही सावकाश. चिकटणे आणि सुटणे यांचा समतोल साधण्याआधीच मोजले तर बंधन कमी भरते आणि पकडच सैल झाली असा चुकीचा अर्थ निघतो.

पकडीचा हिशेब वेगळा आहे. बंधनात उष्णता बाहेर पडत असेल तर तापमान वाढल्यावर पकड ढिली होते. उष्णता शोषली जात असेल तर घट्ट होते. निरनिराळ्या तापमानांना मोजून व्हँट हॉफ आलेख (तापमानाप्रमाणे पकड कशी बदलते ते दाखवणारा आलेख) काढला की हे कळते. डॉक्सेपिन हे औषध एच-१ रिसेप्टरच्या खोल, पाण्याला न मानवणाऱ्या खोबणीत बसते, हे २०११ साली स्फटिकरचनेवरून दिसले. अशा खोबणीतले पाणी हटण्याचाही या हिशेबात वाटा असतो.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपलीकडे गेला की गोळी जास्त चढत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण निरोगी माणसाचा मेंदू ३७ अंशांच्या आसपासच राहतो. ताप ४० अंशांवर गेला तरी निरपेक्ष तापमान ३१०वरून ३१३ केल्व्हिन होते, म्हणजे जेमतेम एक टक्का वाढते; तेवढ्याने पकड फारशी बदलत नाही. उन्हात भीती आहे ती दुसऱ्याच रिसेप्टरची. जुनी हिस्टामाइनरोधके ॲसिटिलकोलीन या चेतासंदेश नेणाऱ्या रसायनाचे मस्कॅरिनिक रिसेप्टरही अडवतात. त्याने घाम कमी येतो आणि भर दुपारी वावरात राबणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. फेक्सोफेनाडिन या नव्या औषधात हा दोष जवळजवळ नाही, आणि ते मेंदूतही फारसे शिरत नाही.